दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे : हिंगोलीतून एमबीए सीईटी देताना

हिंगोलीच्या अभ्यासिकांत सकाळी सातला जागा धरून बसणारी बहुतेक मुलं एमपीएससी, तलाठी नाहीतर पोलीस भरतीच्या मागे असतात. एमबीएची प्रवेश परीक्षा देणारं त्यांत एखाददुसरंच. तेही बरेचदा बी.कॉम.च्या नाहीतर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना ‘देऊन तर पाहू’ म्हणून अर्ज भरलेलं. बुद्धिमत्ता चाचणीची प्रकरणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, त्यामुळे वेगळं काही करायची गरज वाटत नाही. आणि अभ्यासापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. घोळ होतो तो पेपर हातात आल्यावर. शाळेपासून आणि भरतीच्या परीक्षांपासून अंगवळणी पडलेल्या दोन-तीन सवयी या परीक्षेत सरळ गुण खातात.

परीक्षा कोणती

महाराष्ट्रातल्या एमबीए आणि एमएमएस अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या परीक्षेतून होतात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. मुंबईची जमनालाल बजाज संस्था (स्थापना १९६५), सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा पुम्बा विभाग ही या वाटेवरची मोठी नावं. जमनालाल बजाजची चढाओढ ९९ पर्सेंटाइलच्या पुढच्या दशांशांत चालते. हिंगोली जिल्हा ज्याच्या हद्दीत येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही व्यवस्थापनशास्त्राचं संकुल आहे आणि घरापासून दीड-दोन तासांवर राहून शिकायचं असेल तर तो पर्याय हलका समजू नये.

२०२६-२७ च्या प्रवेशांपासून ही परीक्षा एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचा, आणि दोन्ही दिल्यास चांगला निकाल धरण्याचा निर्णय जाहीर झाला आहे. तरी पहिल्या खेपेला सराव समजून जाऊ नये. मे महिन्यात पदवीची परीक्षा, घरचं लग्न किंवा आजारपण यांपैकी काही ना काही आडवं येतंच.

पंचेचाळीस सेकंद

एकूण २०० प्रश्न, १५० मिनिटं. तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. प्रत्येकाला एक गुण. विभागवार वेळेचं बंधन नाही. कुठूनही कुठेही जाता येतं. भागाकार केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. एवढ्यात नुसता प्रश्न नीट वाचून होतो.

म्हणजे पूर्ण पेपर प्रामाणिकपणे सोडवणं बहुतेकांना शक्य नसतं, आणि तशी अपेक्षाही नसते. दहावी-बारावीला ‘पेपर पूर्ण सोडवला’ ही अभिमानाची गोष्ट होती. इथे तीच ओढ घात करते. पहिल्या प्रश्नापासून क्रमाने निघालेला मुलगा १३० व्या प्रश्नावर असताना घड्याळ थांबतं. उरलेल्या ७० मध्ये त्याला तोंडपाठ येणारे वीस-पंचवीस प्रश्न तसेच पडून असतात. ते त्याला येत होते. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

दुसरं, निकाल टक्क्यांत नसून पर्सेंटाइलमध्ये लागतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रातले साधारण ८० टक्के विद्यार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत. त्यामुळे बोर्डाच्या हिशेबाने सत्तर टक्केही न भरणारे गुण इथे फार वरच्या जागी नेऊन बसवतात. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि तुलना आपापल्या सत्रापुरती होते. पेपर अवघड आला म्हणून मध्येच हातपाय गाळणाऱ्याने लक्षात ठेवावं की शेजारच्या संगणकावरही तोच अवघडपणा आलेला असतो.

रिकामा प्रश्न म्हणजे फुकट गेलेला गुण

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एमपीएससीची तयारी केलेल्या मुलांचा हात इथे अडतो, कारण तिकडे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा जातो. वर्षभर ‘खात्री नसेल तर सोड’ हे मनावर बिंबवून घेतलेलं असतं. सीईटीला बसताना ती शिस्त बाहेर चपलेसोबत ठेवून यायची.

या परीक्षेत पाच पर्याय देण्याची पद्धत राहिली आहे. ४० प्रश्न न वाचता ठोकले तरी सरासरीने आठ बरोबर येतात. शेवटी पाच मिनिटं त्यासाठीच राखावीत. मात्र हा ठोकताळा शेवटच्या पाच मिनिटांतच वापरावा. मध्येच सुरू केलेल्या अंदाजपंचे धडाक्याची चटक लागते, आणि मग येणारे प्रश्नही घाईने बिघडतात. जिथे दोन पर्याय नक्की बाद होतात तिथे उरलेल्यांतून एक निवडून पुढे जावं. त्याच प्रश्नावर आणखी मिनिट घालवून खात्री करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

कुठून सुरुवात

प्रत्येक क्लासवाला आपला क्रम सांगतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. माझं मत असं : आकृत्या आधी, मग इंग्रजी, मग तर्कक्षमता, गणित शेवटी.

आकृत्यांचे प्रश्न नवोदयच्या आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेतलेच मोठे झालेले असतात. कोणती रेघ किती अंशांनी फिरली, कोणता ठिपका आतून बाहेर आला, कोणत्या चिन्हाची जागा बदलली. वसमतच्या नवोदय विद्यालयासाठी जिल्ह्यातली किती मुलं लहानपणी हे घोटतात ते पाहिलं, तर हा विभाग आपल्याकडच्या मुलांना जड जायला नको. भाषा आडवी येत नाही, बारा मिनिटांत काम होतं आणि हात मोकळा होतो. वीस-तीस सेकंदांत नियम दिसला नाही तर पुढे जावं. आकृतीकडे टक लावून पाहिल्याने ती बोलायला लागत नाही.

इंग्रजी दुसऱ्या क्रमांकावर, कारण उतारे थकलेल्या डोळ्यांनी वाचले की एक ओळ तीनदा वाचावी लागते. ३० मिनिटं पुरे. तर्कक्षमतेला ६०, गणिताला ४०. आठ मिनिटं हातची.

गणित शेवटी ठेवण्याचं कारण वेगळं आहे. तिथले बरेचसे प्रश्न सुटे असतात. घड्याळात तीन मिनिटं उरली असतील तर गणिताचे तीन प्रश्न सुटू शकतात. तर्कक्षमतेचा अर्धा मांडलेला सेट मात्र शून्य देतो. ज्याचं गणित फारच पक्कं आहे त्याने खुशाल क्रम बदलावा, पण तो मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पारखून. परीक्षेच्या सकाळी सुचलेला क्रम कामाचा नाही.

पडद्यावर प्रश्न विभागवार न येता सरमिसळ आले तर फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत पाहताक्षणी येणारे सुटे प्रश्न, दुसऱ्या फेरीत सेट आणि उतारे, शेवटी उरलंसुरलं.

सेट घ्यायचा की टाकायचा

तर्कक्षमतेच्या ७५ प्रश्नांत बैठकव्यवस्था आणि पझल यांचे सेट असतात. एका मांडणीवर चार-पाच प्रश्न. मांडणी जमली तर पाच मिनिटांत पाच गुण, नाही जमली तर तीच पाच मिनिटं मातीत. म्हणून सेट सोडवता येणं जेवढं गरजेचं, तेवढंच तो ओळखता येणंही.

एक छोटा नमुना घेऊ. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांतले पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत बसले आहेत. सूचना अशा : सेनगावचा कोणत्याही टोकाला नाही. कळमनुरीचा उजव्या टोकाला नाही. हिंगोलीचा औंढ्याच्या लगेच डावीकडे आहे. वसमतचा मधोमध आहे.

दिलेल्या क्रमाने गेलात तर पहिल्याच सूचनेवर सेनगावला तीन जागा संभवतात, दुसरीवर फाटे आणखी वाढतात आणि कागद भरतो. उलट आधी चौथी सूचना घ्या. वसमत तिसऱ्या जागी पक्का. मग जोडीची सूचना : हिंगोली-औंढा ही जोडी एक तर पहिल्या-दुसऱ्या जागी, नाहीतर चौथ्या-पाचव्या. दोनच शक्यता राहिल्या. जोडी डावीकडे धरली तर सेनगाव चौथा आणि कळमनुरी पाचवा, म्हणजे उजव्या टोकाला, येतो. तो तिथे नाही असं सांगितलंच आहे. शक्यता बाद. उरलं ते डावीकडून कळमनुरी, सेनगाव, वसमत, हिंगोली, औंढा. नकारार्थी सूचना छाटणीला ठेवायच्या, मांडणीला नाही.

परीक्षेत पाचाऐवजी आठ जण असतात. प्रत्येकाचा व्यवसाय आणि आवडता रंगही असतो, आणि निम्मे उत्तरेला व निम्मे दक्षिणेला पाहत असतात. पण सेट उघडल्यावर आधी एवढंच पाहायचं : एखादी पक्की जागा दिली आहे का, आणि जोडी सांगणाऱ्या सूचना किती. दोन्ही असतील तर घ्यावा. सगळ्या सूचना ‘नाही’च्या असतील, किंवा दीड मिनिट होऊनही कागदावर एक जागा पक्की झाली नसेल, तर सेट सोडावा. इथे माणसाचा जीव अडकतो. एवढा वेळ घातला, आता थोडक्यासाठी कशाला सोडू, असं वाटतं. गेलेला वेळ गेला. पुढच्या पाच मिनिटांत कुठे जास्त गुण आहेत एवढाच प्रश्न उरतो.

कोडिंग, नातेसंबंध, दिशा, क्रमवारी हे सुटे प्रश्न आधी उरकावेत. भरतीची तयारी केलेल्यांची यात चांगली तयारी झालेली असते.

इंग्रजीची भिंत

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटतं की इंग्रजीचे फक्त ५० प्रश्न आहेत. प्रत्यक्षात सगळा पेपरच इंग्रजीत असतो. तर्कक्षमतेत विधान आणि गृहीतक, विधान आणि निष्कर्ष, युक्तिवाद सबळ की दुबळा, असे प्रश्न येतात. त्यांत तर्क सोपा आणि वाक्यरचना अवघड असते. मराठीत तोच प्रश्न विचारला तर मुलगा क्षणात सांगेल. त्यामुळे इंग्रजी सुधारली की गुण दोन-तीन ठिकाणी वाढतात. हिंगोलीसारख्या ठिकाणाहून तयारी करताना सर्वांत जास्त वेळ मी यालाच देईन, गणितापेक्षाही.

व्याकरणाच्या जाड पुस्तकाने हे होत नाही. वाचायच्या वेगाने होतं. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकाचं संपादकीय किंवा अर्थविषयक पान घड्याळ लावून वाचावं. वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं दोन ओळींत मराठीत लिहावं. मराठीतच, कारण समजलं की नाही ते तिथे लगेच उघडं पडतं. शब्दार्थ वहीत साठवण्यापेक्षा एकच शब्द चार वेगवेगळ्या लेखांत भेटणं जास्त उपयोगी.

परीक्षेत उताऱ्याचे प्रश्न आधी चाळून मग उतारा वाचावा. लेखकाने काय म्हटलं आहे हे विचारलं असेल तर आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवावं. खरं असूनही उताऱ्यात नसलेला पर्याय हा या विभागातला नेहमीचा सापळा आहे.

आकडेमोड : आजोबांची शाळा कामाला येते

गणिताचे पन्नास प्रश्न ‘किती येतं’ यापेक्षा ‘किती लवकर येतं’ यावर ठरतात. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग आणि तक्ते-आलेख एवढ्यावर हात बसला तरी बरंच काम होतं. क्रमपर्याय-संभाव्यतेची अवघड टोकं वेळ उरला तरच.

समजा प्रश्न असा आहे : व्यापाऱ्याने क्विंटलला १२,४८० रुपयांनी घेतलेली हळद साडेबारा टक्के तोट्याने विकली, तर कितीला विकली? वसमतच्या मोंढ्यात हा हिशेब कुणी कागदावर करणार नाही. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग. १२,००० चा आठवा १,५००. म्हणजे उत्तर अकरा हजारांच्या जरा खाली. पर्याय १०,२४०, १०,९२०, ११,४४०, ११,८६० आणि १२,०२० असतील तर १०,९२० सोडून दुसरं काही बसतच नाही. दहा सेकंद. जो १२,४८० ला ८७.५ ने गुणायला बसला त्याचं मिनिट गेलं.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करून घेत. तीच शिस्त इथे लागते, फक्त तिचं आजचं रूप अपूर्णांकांचं : सहावा म्हणजे १६.६७ टक्के, सातवा १४.२९, आठवा १२.५, बारावा ८.३३. तीसपर्यंतचे वर्ग आणि पंचवीसपर्यंतचे पाढेही यात धरा. कॅल्क्युलेटर मिळत नाही.

मॉक द्यायचे कसे, तपासायचे कसे

मोबाइलवर चाचणी देणं सोयीचं असतं, पण परीक्षा संगणकावर असते. उतारा एका बाजूला, प्रश्न दुसऱ्या बाजूला, हातात माउस, समोर कच्च्या कामाचा कागद. हे पहिल्यांदा परीक्षा केंद्रावरच भेटलं तर पंधरा मिनिटं नुसती सरावण्यात जातात. गावातल्या एखाद्या एमएस-सीआयटी केंद्राशी बोलून दुपारचा रिकामा संगणक मागून घ्यावा आणि शेवटच्या महिन्यातले तरी मॉक त्यावर, सलग अडीच तास, मध्ये चहा न घेता द्यावेत.

मॉक झाला की पोरं एकमेकांना विचारतात, ‘अटेम्प्ट किती?’ दंड नसलेल्या परीक्षेत या प्रश्नाला अर्थ नाही. सगळ्यांचाच दोनशे असायला हवा. त्याऐवजी प्रत्येक प्रश्नासमोर लागलेला वेळ पाहावा. चुकलेले प्रश्न सगळेच तपासतात. खरी गळती बरोबर आलेल्या प्रश्नांत असते : उत्तर बरोबर, पण अडीच मिनिटं लागलेली. तेवढ्यात दुसरे तीन सुटले असते. असे प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून त्यांची छोटी रीत शोधावी, किंवा या प्रकाराला आपण हात लावायचा नाही हे ठरवून टाकावं. एका मॉकच्या तपासणीला मॉकएवढाच वेळ लागतो. रोज एक मॉक देऊन गुण लिहून ठेवणाऱ्याची प्रगती महिनाभर एकाच आकड्यावर अडलेली दिसते, ती यामुळे.

परीक्षेचा दिवस

केंद्र परजिल्ह्यात आलं आणि सकाळचं सत्र असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जावं. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर वर्षाची मेहनत टाकू नये. प्रवेशपत्रावरची हजेरीची वेळ परीक्षेच्या वेळेआधीची असते, ती नीट पाहावी.

संगणक बंद पडला, माउस अडला, तर लगेच हात वर करावा आणि पर्यवेक्षकाकडून नोंद करून घ्यावी. मार्च २०२३ च्या परीक्षेत तांत्रिक गोंधळ झाला होता आणि बाधित विद्यार्थ्यांसाठी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. ज्याने गप्प बसून रीस्टार्टची वाट पाहिली, त्याच्याकडे नंतर दाखवायला काहीच नसतं.

कॅटही देणार असाल तर

आयआयएमची कॅट परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटाला असते, त्यामुळे बरेच जण ती आधी देऊन मग सीईटीकडे वळतात. अभ्यास पुष्कळसा एक. खेळ मात्र उलटा. कॅटमध्ये प्रश्न ७० पेक्षाही कमी असतात आणि वेळ दोन तास, प्रत्येक विभागाला बांधून दिलेली ४० मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला एक गुण वजा.

चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर हिशेब बरोबर शून्यावर येतो : चारांत एकदा तीन मिळतात, तीनदा एकेक जातो. एक पर्याय नक्की बाद करता आला तर अंदाज किंचित फायद्याचा. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना मात्र वजा गुण नाहीत. कॅटमध्ये पाच मिनिटं देऊन एक कठीण सेट फोडणं शहाणपणाचं. सीईटीत तीच चैन परवडत नाही. कॅटनंतर सीईटीचे पहिले दोन-तीन मॉक वाईट जातात ते याच कारणाने. डोकं थांबून विचार करायला शिकलेलं असतं.

कागदपत्रं आणि पसंतीक्रम

पर्सेंटाइल चांगलं येऊनही प्रवेश हुकतो, तो बहुधा इथे. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि सर्वांत वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जुन्या नोंदी शोधून पडताळणी समितीकडे प्रकरण जायला आणि तिथून निघायला महिने लागू शकतात. ही फाइल अभ्यासाला सुरुवात करतानाच टाकावी. निकालानंतर सेतू केंद्रासमोर लागणारी रांग सगळ्यांच्याच परिचयाची आहे.

प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून घेण्याला पैशाचंही कारण आहे. महाडीबीटीवरच्या शुल्क सवलती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून एखादी मोठ्या शहरातली चकचकीत संस्था घेतली तर हा लाभ जातो. अशा वेळी संस्थेच्या पत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ न पाहता मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला ते विचारावं. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावं.

पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवावेत, पण क्रम आपल्या खऱ्या इच्छेनेच लावावा. वरच्या संस्था खाली घातल्याने काही सुरक्षित होत नाही. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीवर तीच संस्था लिहावी जिथे हमखास जायचं आहे, आणि ती लिहिण्याआधी वसतिगृहाचं शुल्क फोन करून विचारून घ्यावं.